झाडबेडकांच्या घरगुती काचपेटीचा तळ पुन्हा पुन्हा कुजतो तेव्हा

लक्षणे

काचपेटीचे दार उघडताच ओल्या मातीच्या वासाऐवजी आंबूस, किंवा त्याहून वाईट म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येतो. सकाळच्या फवाऱ्यानंतर धुरकटलेली समोरची काच दुपारपर्यंत निवळत नाही. मातीवर पांढऱ्या बुरशीचे जाळे पसरते, मॉस तपकिरी पडते आणि मनीप्लांटची खालची पाने पिवळी होऊन देठाशी मऊ पडतात. बेडूक दिवसा पानाआड किंवा फांदीच्या बेचक्यात झोपण्याऐवजी काचेच्या वरच्या कोपऱ्यात, झाकणाच्या जाळीला जमेल तितके बिलगून बसतो. रात्रीही त्याचा तपकिरी रंग जाऊन हिरवा परतत नाही, आणि रातकिडा नाकासमोरून गेला तरी तो जागचा हलत नाही.

यांपैकी दोन-तीन चिन्हे एकत्र दिसली, पेटी साफ केल्यावर ती गेली आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा उगवली, तर पुढील मजकूर नेमका त्याच बिघाडाविषयी आहे. आमच्या न्यू जर्सीतील घरी ऑस्ट्रेलियाचे हिरवे झाडबेडूक, म्हणजे इकडे ज्यांना ‘व्हाइट्स ट्री फ्रॉग’ म्हणतात ते, दोन आहेत. त्यांच्यासाठी मी स्वतः काचा चिकटवून 45 सेंमी लांब, 45 सेंमी रुंद आणि 60 सेंमी उंच अशी पेटी केली. हा बिघाड मी या पेटीत तीनदा आणि ओळखीच्यांच्या पेट्यांत आणखी काही वेळा दुरुस्त केला आहे. पहिल्या दोन खेपांना मी बेडूक आजारी असल्याचे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात आजारी होती ती पेटी.

बेडूक म्हटला की ओल, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलेले असते आणि बहुतेक वेळा तेच नडते. कोकणातल्या आमच्या आजोळी न्हाणीघराच्या भिंतीला वर्षानुवर्षे एक झाडबेडूक चिकटलेला असे. आज विचार केला तर ती जागा त्याने अगदी पारखून निवडली होती. सकाळ-संध्याकाळ आंघोळीच्या वेळी ती ओली होई, मधल्या वेळी कौलांच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्याने सुके, आणि पाणी मोरीतून बाहेर निघून जाई. घरी केलेल्या काचपेटीत यातली पहिली गोष्ट आपण हौसेने करतो आणि उरलेल्या दोन विसरतो.

येथे दिलेले आकडे याच जातीसाठी आहेत. डार्ट फ्रॉगसारख्या सतत दमट जागी राहणाऱ्या बेडकांना ते जसेच्या तसे लावू नयेत.

तपासणीला लागण्याआधी

काही लक्षणे पेटीची नसून बेडकाची असतात आणि ती दिसल्यास पुढचे काहीही तपासत बसू नये. मांड्यांच्या आतल्या बाजूस किंवा पोटावर लाली, अंग फुगणे, मागचे पाय पसरून पडून राहणे, उलटा झाल्यावर सुलट होता न येणे, बोटे थरथरणे, जबडा मऊ किंवा वाकडा दिसणे, गुदद्वारातून आतला भाग बाहेर येणे, किंवा कात वारंवार टाकली जाऊन तिचे तुकडे अंगावर अडकून राहणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच दिवशी उभयचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना फोन करावा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बहुधा हे काम करत नाहीत, म्हणून असा डॉक्टर बेडूक धडधाकट असतानाच शोधून ठेवलेला बरा. तोपर्यंत बेडकाला हळद लावू नये, माणसांची मलमे तर मुळीच लावू नयेत. वेदनाशामक मिसळलेल्या मलमांतील बधिर करणारे औषध त्याच्या कातडीतून थेट आत जाते आणि जिवावर बेतू शकते.

पहिली तपासणी: नुसते पाहणे आणि लिहून ठेवणे

हिला खर्च नाही, आणि नेमकी हीच बहुतेकांकडून राहून जाते. आठवडाभर रोज दोनदा, दुपारी एकदा आणि दिवे गेल्यावर तासाभराने एकदा, बेडूक कुठे बसला आहे, रंग कसा आहे, काय खाल्ले, विष्ठा झाली का आणि काच किती वाजता निवळली, एवढे वहीत लिहावे. नुसत्या तपकिरी रंगाने घाबरून जाऊ नये. हा बेडूक थंडीत, अंधाऱ्या बुंध्यावर किंवा घाबरल्यावर तपकिरी होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा हिरवा होतो. रंग परतलाच नाही तर काळजी करावी.

रंगावरून एक अवांतर गोष्ट. या हिरव्या बेडकाचे शास्त्रीय नाव ‘सेरुलिया’, म्हणजे निळा. जॉन व्हाइट यांच्या 1790 सालच्या प्रवासवर्णनात तो प्रथम नोंदला गेला तेव्हा जतन केलेला नमुना निळा दिसत होता, कारण टिकवण्याच्या द्रावात त्याच्या कातडीतील पिवळे रंगद्रव्य नष्ट झाले होते आणि खालचा निळा तेवढा उरला होता. हा हिरवा मुळात पिवळ्या आणि निळ्याची बेरीज आहे. म्हणून जिवंत बेडूकही एखाद्या दिवशी निळसर आणि दुसऱ्या दिवशी शेवाळी दिसला तर त्यात नवल नाही.

आठवड्याच्या नोंदींतून एक गोष्ट हमखास कळते. बेडूक जाळीजवळ बसण्याच्या वेळा आणि काच धुरकट असण्याच्या वेळा जुळत असतील, तर तो हवा शोधत आहे असे समजून पुढे जावे.

दुसरी तपासणी: मापक खरे सांगतो का

गोल काट्याचे स्वस्त आर्द्रतामापक सर्रास चुकतात. माझा पहिला घोटाळा याच काट्याने केला. जानेवारीत घरातील हीटिंग चालू असताना काटा 35 टक्क्यांवर गेला, म्हणून मी झाकणाच्या जाळीवर प्लॅस्टिकची शीट घातली आणि दिवसातून दोनदा फवारा सुरू केला. महिन्याने मापक तपासला तेव्हा तो खऱ्यापेक्षा 20 टक्क्यांनी कमी दाखवत असल्याचे उघड झाले. पेटीत मुळात कोरडेपणा नव्हताच.

मापक तपासण्यासाठी स्वयंपाकघरातील मीठ पुरते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात पाण्याचे काही थेंब असे घालावेत की मीठ विरघळता कामा नये, फक्त ओल्या वाळूसारखे दिसावे. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून खोलीतच दहा-बारा तास ठेवावे. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा 75 टक्के आर्द्रतेवर स्थिर होते, तेव्हा मापकाने साधारण तेवढेच दाखवले पाहिजे. तो 60 दाखवत असेल तर पेटीतील प्रत्येक आकड्यात 15 मिळवावेत, किंवा सरळ डिजिटल मापक आणून त्याचीही हीच परीक्षा घ्यावी.

या जातीला दिवसातला बराच काळ 50 ते 70 टक्के आर्द्रता पुरते. फवाऱ्यानंतर ती 80 च्या वर जावी आणि काही तासांत खाली यावी, हा चढउतारच महत्त्वाचा आहे. तापमान दिवसा वरच्या फांद्यांजवळ 24 ते 28 अंश सेल्सिअस आणि रात्री 20 च्या आसपास असावे. 18 च्या खाली ते जाऊ देऊ नये. गार पेटीत पाणी कमी उडते, बेडकाचे पचन मंदावते आणि त्याची रोगप्रतिकारशक्तीही कमी पडते, त्यामुळे ‘ओल जास्त’ वाटणारा बिघाड कधीकधी ‘ऊब कमी’ असा निघतो. पिस्तुलासारखा दिसणारा तापमापक काचेबाहेरून रोखला तर तो काचेचेच तापमान सांगतो, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरी तपासणी: पाण्याचे भांडे

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो पाण्यात बसतो आणि पोटाच्या व मांड्यांच्या खालच्या कातडीतून ते शोषून घेतो. त्यामुळे भांड्यातील पाण्यात जे आहे ते सगळे त्याच्या अंगात जाते, स्वतःच्या विष्ठेतून सुटलेला अमोनियासुद्धा. भांडे रोज रिकामे करावे, गरम पाण्याने घासावे, आणि साबण वापरू नये. पाण्याची खोली बसलेल्या बेडकाच्या हनुवटीपेक्षा जास्त नसावी.

नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत क्लोरीनपुरती ठीक आहे. अमेरिकेतील अनेक शहरांत मात्र पाण्यात क्लोरामाइन घालतात आणि ते असे उडून जात नाही. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे, क्लोरामाइनवर चालते असे स्पष्ट लिहिलेले द्रावण लेबलावरील प्रमाणात वापरावे. आपल्या शहरात काय वापरतात हे पाणी कंपनीच्या वार्षिक अहवालात छापलेले असते. तांब्याचे पाइप असलेल्या घरात सकाळचे पहिले पाणी मिनिटभर वाहू द्यावे, कारण रात्रभर पाइपात राहिलेल्या पाण्यात तांबे उतरलेले असू शकते. आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी काचेवर डाग पडू देत नाही म्हणून फवाऱ्याला उत्तम, पण बेडकाला बसायच्या भांड्यात ते नुसते घालू नये, कारण क्षारविरहित पाणी त्याच्या अंगातील क्षार ओढून घेते.

मराठी घरांपुरते एक वेगळे सांगणे आहे. पेटी देवघराच्या खोलीत असेल तर उदबत्ती आणि धूप दुसऱ्या खोलीत हलवावेत. डास पळवणारे विजेचे यंत्र किंवा कॉइल तर त्या मजल्यावरही नको. त्यांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये मासे आणि बेडूक यांना घातक असतात. भांडे आणि पेटी निर्दोष असूनही बेडूक मलूल राहतो, असे एका घरी दोन आठवडे चालले होते. कारण शेवटी सोफ्यामागच्या प्लगमध्ये सापडले.

चौथी तपासणी: हवा खेळते का

सकाळी नेहमीसारखा फवारा मारून घड्याळ पाहावे. समोरची काच दोन ते चार तासांत निवळली पाहिजे. दुपारी तीनलाही तीवर बोट फिरवून नाव लिहिता येत असेल, तर पेटीत हवा कोंडलेली आहे.

दुकानातील तयार पेट्यांत दाराखाली एक अरुंद जाळीची पट्टी असते. पुष्कळांना ती शोभेची वाटते, पण सगळी करामत तिचीच आहे. दिव्याने तापलेली हवा वर जाऊन झाकणाच्या जाळीतून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालच्या पट्टीतून ताजी हवा आत ओढली जाते. चुलीचे धुराडे चालते तसेच. घरगुती पेटीत, विशेषतः जुने मत्स्यालय उभे करून केलेल्या पेटीत, जाळी फक्त वर असते. मग वरची हवा हलते आणि खालची, मातीलगतची, तशीच पडून राहते.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे झाकणावरचे प्लॅस्टिक काढणे. माझ्या पेटीत एवढ्यानेच काच दीड तास आधी निवळू लागली. त्यानंतर समोरच्या काचेखाली तीन-चार सेंमी उंचीची जागा मोकळी करून तिथे स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवावी. जाळीची कापलेली कड आत राहू देऊ नये, बेडकाची कातडी तिच्यावर चिरते. हिवाळ्यात आर्द्रता फार घसरते असे खऱ्या मापकाने सांगितले, तरच झाकणाचा अर्धा भाग झाकावा. पूर्ण झाकण कधीच नको.

पाचवी तपासणी: तळाचे पाणी

बिघाड बहुधा येथेच सापडतो, म्हणून या तपासणीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो.

लागवडीच्या पेटीची रचना बहुतेक ठिकाणी सारखी असते. तळाला भाजक्या मातीचे गोळे, ज्यांना बागकामवाले लेका बॉल्स म्हणतात, त्यांवर बारीक जाळी, जाळीवर कोकोपीट, ऑर्किड लावण्यासाठी वापरतात ती झाडाची साल आणि मॉस यांची माती, आणि वर वाळक्या पानांचा थर. जास्तीचे पाणी मातीतून गळून गोळ्यांत उतरावे आणि माती भिजून न राहता नुसती ओलसर राहावी, यासाठी हा खटाटोप असतो. कुंडीला भोक असते; काचपेटीला नसते. जे पाणी आत गेले ते एक तर हवेतून बाहेर पडते, नाही तर तळाशी साचते.

माझ्या पेटीचा हिशेब असा. गोळ्यांचा थर 5 सेंमी, तळ 45 सेंमी चौरस, म्हणजे सुमारे 10 लिटर जागा. तिच्यातला साधारण 40 टक्के भाग मोकळ्या फटींचा, तेव्हा थर 4 लिटर पाण्याने काठोकाठ भरतो. फवाऱ्याची बाटली खुणेपर्यंत भरून मोजल्यावर दिवसाला 150 मिलिलिटर पाणी आत जात असल्याचे कळले. महिन्याचे साडेचार लिटर झाले. झाकण बंद असल्याने बाहेर जवळजवळ काही जात नव्हते. याचा अर्थ, पेटी कितीही निगुतीने नव्याने लावली तरी महिना-दीड महिन्यात तळ तुडुंब होणारच होता. बिघाड ‘परत परत’ का येतो, हे मला या बेरजेनंतर कळले.

पाणी गोळ्यांच्या वरच्या कडेला पोचेपर्यंत तसा धोका नसतो. ते जाळीला टेकले की माती समईच्या वातीसारखी ते वर ओढू लागते आणि ही वात चोवीस तास चालू राहते. मातीतील फटी पाण्याने भरल्या की हवा संपते, हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात, त्यांतले काही हायड्रोजन सल्फाइड सोडतात, आणि दार उघडताच सडक्या अंड्याचा वास येतो. मुळे कुजतात. मातीत सोडलेले स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड हे बारीक जीव, जे विष्ठा आणि बुरशी खाऊन पेटी साफ ठेवतात, ते एक तर वर चढतात किंवा मरतात. ते गेले की बुरशीला अडवणारे कुणी उरत नाही.

तपासायला बार्बेक्यूची बांबूची काडी घ्यावी. ती पेटीच्या चार कोपऱ्यांत आणि मधोमध अशी पाच ठिकाणी मातीतून जाळीपर्यंत खुपसावी, पाच मिनिटे ठेवावी आणि बाहेर काढून आधी पाहावी, मग हुंगावी. खालचे टोक नुसते गडद झाले असेल आणि पावसाळ्यातल्या अंगणासारखा वास असेल, तर माती ठीक आहे. टोकाला काळा चिकट गाळ आणि नाक मुरडायला लावणारा वास असेल, तर त्या जागी माती मेली आहे. पाचपैकी एकाच ठिकाणी काळे निघाले तर पेटी मोडण्याचे कारण नाही. तेवढा मूठभर भाग चमच्याने काढून नवी माती भरावी. माझ्या पेटीत काळे टोक दरवेळी पाण्याच्या भांड्याखालीच निघाले, कारण भांड्याखाली हवा पोचत नव्हती आणि भांडे बदलताना सांडलेले पाणी तिथेच मुरत होते. आता भांडे तीन चपट्या दगडांवर ठेवलेले असते.

साचलेले पाणी काढायला मत्स्यालयाची मऊ हवेची नळी आणि 60 मिलिलिटरची सिरिंज पुरे. मागच्या कोपऱ्यात नळी गोळ्यांपर्यंत सरकवून पाणी ओढत राहावे. तोंडाने ओढू नये, त्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पहिल्या खेपेस माझ्या पेटीतून सव्वातीन लिटर पाणी निघाले, पातळ चहाच्या रंगाचे. पुढच्या खेपेसाठी त्याच कोपऱ्यात बोटाएवढ्या जाडीचा, खालच्या बाजूस भोके पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप उभा करून ठेवावा आणि वरचे तोंड बुचाने बंद करावे, नाही तर रातकिडे त्यात उतरून मरतात आणि नवाच वास सुरू होतो.

सहावी तपासणी: खाणे आणि दिवा

ही थोडक्यात. प्रौढ बेडकाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, दरवेळी तीन ते पाच रातकिडे पुरतात. रातकिडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद नसावा. उरलेले किडे सकाळी काढून घ्यावेत, कारण उपाशी रातकिडे दिवसा झोपलेल्या बेडकाची कातडी कुरतडतात आणि मेलेले मातीत सडतात. आमच्या दोघांतील थोरला, लाडू, नावाला जागून इतका फुगला की डोळ्यांवरच्या घड्या खाली ओघळू लागल्या. जास्त खाणे म्हणजे जास्त विष्ठा, आणि तीही शेवटी त्याच तळात. किड्यांना कॅल्शियमची पूड लावावी. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा साधारण वर्षाने बदलावा, तो पेटलेला दिसला तरी त्यातील उपयोगी किरण तोवर बरेच कमी झालेले असतात.

सातवी तपासणी: बेडूक साध्या पेटीत हलवणे

येथवर सारे ठीक करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दोष पेटीत आहे की बेडकात, याचा निकाल लावावा लागतो. झाकणाला भोके पाडलेला मोठा प्लॅस्टिकचा डबा, तळाला क्लोरामाइन काढलेल्या पाण्याने ओलसर केलेले बिनरंगी, बिनवासाचे पेपर टॉवेल, एक प्लॅस्टिकची फांदी, एक पाण्याचे भांडे, बस्स. कागद रोज बदलायचा. बेडूक उचलताना पावडर नसलेले नायट्रिल हातमोजे घालून ते ओले करावेत. हाताला लागलेले क्रीम, सनस्क्रीन, कांदा-लसूण, यातले काहीही त्याच्या कातडीला सोसत नाही.

बेडूक दोन आठवड्यांत या रूक्ष डब्यात खाऊ लागला आणि हिरवा झाला, तर पेटी मोडावी लागणार. डब्यातही तो तसाच राहिला, तर पेटीला हात लावू नये आणि डॉक्टरांकडे जावे. ही तपासणी खर्चाने स्वस्त असूनही मी ती इतक्या खाली ठेवली आहे, कारण जागा बदलण्याचा ताण बेडकाला पडतोच आणि विनाकारण तो देऊ नये.

डॉक्टरांकडे नेण्यात चालढकल का करू नये, हे कायट्रिड बुरशीचे उदाहरण सांगते. ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते आणि सुरुवातीला मलूलपणा व वारंवार कात टाकणे याखेरीज काही दिसत नाही. 2009 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या याच हिरव्या झाडबेडकांवर काम झाले होते. कातडीतून क्षार आत घेण्याची क्षमता बिघडते, रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम घसरते आणि अखेरीस हृदय थांबते, असे त्यात दिसले. घरी नुसते पाहून हे ओळखता येत नाही. कातडीवर कापसाचा बोळा फिरवून पीसीआर चाचणी करावी लागते आणि औषधाच्या पाण्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी लागते. जाताना ताजी विष्ठा पिशवीत, पेटीचे फोटो आणि पहिल्या तपासणीतील वही सोबत न्यावी. वही पाहून आमच्या डॉक्टरांचे निम्मे प्रश्न संपले होते.

आठवी: पेटी मोडणे

हे शेवटचे आणि कष्टाचे काम, सुट्टीचा पूर्ण दिवस खाणारे. माती काढताना मागील भिंतीकडे विशेष पाहावे. घरगुती पेटीत फोम फुगवून, वर कोकोपीट चिकटवून नैसर्गिक दिसणारी भिंत करतात, आणि फोम काचेपासून सुटला की मागे बोटभर फट पडून तिच्यात पाणी आणि मेलेले किडे साचतात. वास तळातून येत नसेल तर तो येथून येतो. नव्याने चिकटवताना मत्स्यालयासाठीचे, बुरशीनाशक नसलेले सिलिकॉन घ्यावे. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, बेडूक आत सोडू नये. कुंडीची खत मिसळलेली माती वापरू नये. नर्सरीतील झाडांच्या मुळांची माती संपूर्ण धुवून ती काही आठवडे वेगळी वाढवावीत, कारण त्यांना मुळांतून शोषली जाणारी कीटकनाशके दिलेली असू शकतात.

दोन ठिकाणी मात्र हौशी माणसाने हात थांबवावा. तळाचे पाणी हीटिंग मॅटपर्यंत किंवा दिव्याच्या जोडणीपर्यंत पोचले असेल, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. आणि तळाच्या काचेच्या जोडातून पाणी पाझरत असेल किंवा काचेला तडा असेल, तर वरून सिलिकॉनचा लेप देऊन भागवू नये. काचकाम करणाऱ्याकडून ती काच बदलून घ्यावी, कारण भरलेल्या पेटीचे वजन त्याच जोडावर असते.

काढलेली माती आणि तळाचे पाणी अंगणात टाकू नये. माती घट्ट बांधून कचऱ्यात द्यावी, पाण्यात थोडे ब्लीच घालून ते तासभर ठेवावे आणि मग घरातील ड्रेनेजमध्ये ओतावे, जिथून पावसाच्या पाण्याच्या नाल्यात ते जात नाही. आमच्या राज्याच्या दक्षिणेस पाइन बॅरन्सच्या दलदलीत तिथला स्वतःचा झाडबेडूक आहे आणि राज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. परक्या बेडकाच्या पेटीतील बुरशी त्याच्यापर्यंत पोचवण्याचे काम आपल्या बादलीने करू नये. सुट्टीत आंबोलीला जाऊन आलेल्या मंडळींनी, मलबारचे उडते बेडूक पाहून झाले की, पुढच्या पेटीला हात लावण्याआधी बुटांचे तळ घासून धुवावेत, हेही त्याच कारणासाठी.

दुरुस्तीनंतर आमच्याकडे फवारा दिवसातून एकदाच, संध्याकाळी दिवे जायच्या सुमारास, 60 मिलिलिटर असतो आणि तोही पानांवर व काचेवर, मातीवर नाही. दर रविवारी कोपऱ्यातल्या पाइपात काडी बुडवून पाण्याची उंची पाहतो. दोन सेंमीच्या वर गेली तर सिरिंजने पाणी काढतो आणि पुढचे तीन दिवस फवारा बंद ठेवतो. गेल्या नोव्हेंबरपासून हे दोनदाच करावे लागले आहे.